अठ्ठावन्नचा घूं

पन्नासपर्यंत गाडी नुसती खडखडायची.
मागं पातेल्यात पातेलं, परातीत परात,
तो आवाज आपलाच, धंद्याचा.
पण काटा अठ्ठावन्नला लागला
की बुडाखालून एकच घूंऽऽ यायचा,
कानात नाही, दाढेत.
डोक्यावर रिकामा हंडा पालथा घालून
कुणी बाहेरून हुंकार द्यावा, तसा.
पासष्टच्या पुढं म्हणे जायचा.
पण भरलेली ट्रॅक्स, तीही नव्याण्णवची,
पासष्ट बघते कुठं?

बोरी, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा.
आठवड्याचे पाच बाजार, एकोणीस वर्षं.
शेजारी इंदुमती, मधे गल्ल्याची पेटी.
ती काहीतरी बोलायची, मी मान हलवायचो.
मी काहीतरी बोलायचो, ती बाहेर तुरी बघायची.

परभणीच्या खालिक मिस्त्रींनी आधी रबरं बदलली,
सायलेन्सर ज्यांना लोंबतो ती. वाळून खापर झालेली.
फरक, रुपयात चार आणे.
मग नवा सायलेन्सर, पोटात काचेचा कापूस ठासलेला.
सहा आणे.
मग पायाखाली डांबरी कापड, त्यावर पोती,
त्यावर आमची लग्नातली सतरंजी.
आठ आणे,
आणि चैत्रात इंदुमतीच्या लुगड्याला डांबराचा वास.

शेवटी मिस्त्री गाडीखाली आडवे झाले.
"चालू करो. दाबो. और दाबो. बस, वहींच रखो."
चिंधी गुंडाळून धुराची नळी धरली,
वैद्य नाडी धरतो तशी, डोळे मिटून.
बाहेर येऊन म्हणाले,
"शेठ, इसको बाहर का रस्ता नक्को.
इसको एक बंद गली होना."

पावणेपाच फुटांची नळी.
एक तोंड धुराच्या नळीला वेल्ड केलेलं,
दुसऱ्याला झाकण. कुठंच न जाणारी.
आवाज आत शिरतो, भिंतीला थडकतो,
उलटा होऊन माघारी येतो
आणि दारात भेटलेल्या भावाच्या
गळ्यात पडून दोघंही मरतात.
मी दहावी नापास. मला पटलं.
पहिल्या खेपेला नळी वीतभर लांब पडली,
कापली, पुन्हा झाकली.
साडेसहाशे रुपये, दोन चहा.

शनिवारी पाथरीला निघालो.
अठ्ठावन्न.
एकोणसाठ.
काही नाही. खरंच काही नाही.
टायर रस्त्याला चिकटून सुटत होते, ते ऐकू आलं.
काचेच्या फटीतला वारा.
मागं एक लोटी दुसरीला लागत होती,
पितळी कुठली, स्टीलची कुठली, कळत होतं.
आणि इंदुमती गप्प.

कोल्हा पाटी गेली तसं मी म्हणालो,
"बोल की. आता येतंय ऐकू."
"तेच तर झालंय," ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं, पेटीवरची धूळ बोटानं पुसत,
"एकोणीस वर्षं तुमच्या तोंडावर बोलत आले.
तुम्हाला, तुमच्या आईला,
त्या फुलंब्रीच्या नणंदबाईला.
बाजार येईस्तोवर पोट रिकामं व्हायचं.
मग गिऱ्हाइकाशी गोड बोलता यायचं.
आणि तुम्ही मान हलवायचे.
मला वाटायचं, कबूल करतात."

मी हसलो. ती नाही हसली.

त्या दिवशी बाजारात तिनं एका बाईला
टोपाच्या भावावरून असं काही सुनावलं
की शेजारचा बांगडीवाला उठून बघायला लागला.
सहा पराती गेल्या, एक हंडा, मोडीचं पितळ आलं किलोभर.
भाकरी आम्ही गाडीतच खाल्ली,
चावल्याचा आवाज येत होता.

परतताना गाडी हलकी.
मानवतच्या पुढं रस्ता मोकळा लागला.
"जरा वाढवा," ती म्हणाली.
साठ.
"आणखी."
बासष्ट. त्रेसष्ट.
चौसष्टला, मिस्त्रींच्या गलीची हद्द संपली तिथं,
बारीकसा घूं उठला,
जुन्याच्या मानानं वासरू.

तिनं पदर सारखा केला,
तोंड खिडकीकडं वळवलं.
काचेत तिचे ओठ हलताना दिसले.

मी काटा चौसष्टवर धरून ठेवला,
आणि मान हलवली.